कैरीचे शू

२ एप्रिल १९५४, शुक्रवार

बसले! सगळेच्या सगळे बसले. डब्यात होते तोवर टम्म होते. मी झाकण जरासं सारलं मात्र, डोळ्यांदेखत खाली! ताटात काढले तर चपटे, वातड. हे म्हणाले, "कुत्र्याला घाल." कुत्र्यानंही वास घेऊन तोंड फिरवलं.

चूक माझीच. शाळेत सिस्टर घसा फोडून सांगायची — भाजताना दार उघडायचं नाही, आत काय चाललंय ते बघायचा मोह आवरला तरच हा पदार्थ येतो. फ्रान्सहून आलेली म्हातारी. नागपूरच्या उन्हात पायघोळ झग्यात घामाघूम होऊन आम्हा मुलींना शू करायला शिकवायची. हो, शू! तिच्या भाषेत शू म्हणजे कोबी. फुगून कोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात म्हणून ते नाव. "आज आपण शू करणार" असं ती म्हणाली की अख्खा वर्ग तोंडात पदर कोंबून हसायचा. तिला बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

आणि हे सगळं माझ्या जिभेनं ओढवून घेतलं. गेल्या महिन्यात आलापल्लीला मोठ्या साहेबांच्या बाई म्हणाल्या, कलकत्त्याला असताना क्रीम भरलेले फ्रेंच शू खायचो, आता या रानात कुठले! मी पटकन बोलून गेले — मी करते ना. आता सतरा तारखेला साहेब दौऱ्यावर इथं यायचे आहेत, बाईंसकट. हे रेंजर, आणि रेंजरची बदली साहेबांच्या हातात. आमचा इथला हा तिसरा उन्हाळा. गेल्या पावसाळ्यात तापात मी कशी वाचले माझं मला माहीत. मला नागपूर हवंय. त्यासाठी कोबी तर कोबी!

३ एप्रिल, शनिवार

बाबुलाल लाकडाच्या ट्रकवरून चांद्याहून मैदा घेऊन आला. मैद्यापेक्षा किडे जास्त. चाळून घेतला. लोणी घरच्या म्हशीचं. अंडी सोमारी आणते.

सोमारी माझ्याकडे पाणी भरते, भांडी घासते. गावातलीच, माडिया. तिचा नवरा झिंगू रानातल्या वणव्यावर नजर ठेवायच्या कामाला आहे. मराठी ती शिकली आमच्या नानाजी चपराशाकडून, त्यामुळे बोलते हुबेहूब त्याच्यासारखी, आरमोरीची असल्यासारखी! कमी बोलते, पण एकेक असं बोलते की माझी बोलती बंद.

घासलेटचा डबा आडवा ठेवून, आत वाळू पसरून, खाली-वर निखारे घालून मी भट्टी केली आहे. ती कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"अंडे उबवून राह्यल्या का, बाई?"

४ एप्रिल, रविवार. पाडवा

गुढी उभारली. ह्यांनी नारळ फोडला. मागच्या आंब्याला कैऱ्या लटकल्या आहेत, उभ्यानं हाताला येतील इतक्या खाली. डाळीसाठी दोन तोडाव्यात म्हणून हात वर केला तर सोमारी घागर टाकून धावत आली.

"बाई, नोका! पंडुम झाला नाई अजून."

पंडुम म्हणजे त्यांचा नव्या फळाचा सण. गावचा पेरमा, म्हणजे देवाधर्माचं बघणारा म्हातारा, तो आधी देवाला आंबा देणार, मग गाव खाणार. तोवर तोडायचा नाही, खायचा नाही. आणि तोडला तर? मी विचारलं.

"तं तो येते."

तो म्हणजे वाघ. इथं कोणी नाव घेत नाही त्याचं.

मी म्हटलं, अगं, ते तुमचं. आमच्याकडे चैत्रात कैरीची डाळ नसेल तर हळदीकुंकू होत नाही. आमच्या देवीला कैरी हवी, तुमचा देव कैरीवरून चिडतो. दोघांनी बसून काय ते मिटवावं! ती हसली नाही. म्हणाली, "झाड तुमचं असंल. जमीन तं एकच आहे नं."

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून राहू दिल्या. डाळीत चिंच घातली. चव आली नाही. दिवसभर चिडचिड झाली.

६ एप्रिल, मंगळवार

आले! आले! फुगले, सोनेरी झाले, बोटानं टिचकी मारली तर आतून पोकळ वाजले! मी एकटीच व्हरांड्यात नाचले.

या वेळी नीट आठवून केलं. पाणी, लोणी, मीठ उकळलं, मैदा एकदम लोटला, घोटलं. ही तर मोदकाची उकडच की! गोळा भांडं सोडायला लागला की उतरवायचा, कोमट झाला की एकेक अंडं घालून हात मोडेस्तोवर फेटायचा. जिलबीच्या फडक्यातून गोळे पाडले. आणि झाकणाकडे पाठ करून बसले. आतून तडतड ऐकू येत होतं, वास येत होता, जीव नुसता खालीवर. पण उघडलं नाही.

आता आत भरायचं काय? नुसती साखर-साय मिळमिळीत लागली. सिस्टर लिंबाचं करायची. लिंबं वाळून खडखडीत झालेली. समोर आंबा. सोमारी नदीवर कपडे धुवायला गेलेली. मी चार कैऱ्या तोडल्या, पदराखाली झाकून आणल्या. स्वतःच्या दारातल्या कैऱ्या आणि मी चोरासारखी! हसूच आलं. उकडल्या, गर काढला, अंड्याचं पिवळं, साखर आणि लोणी घालून मंद आचेवर घट्ट केला, गार झाल्यावर घुसळलेल्या सायीत कालवला. अहाहा! आंबट, गोड, गार. ह्यांनी तर मोजलेच नाहीत. म्हणाले, बदली झाली म्हणून समज!

सोमारी परत आली तेव्हा मी इतकी खुशीत होते की एक तिच्या हातावर ठेवला.

"आत काय आहे, बाई?"

"साय. अंडं. साखर."

तिनं सबंध तोंडात टाकला, चावला आणि थांबली. "आंबट काऊन?"

"दही आहे," मी म्हणाले. किती सहज म्हणाले! ती गिळून माझ्याकडे बघत राहिली, मग तोंड पुसलं आणि भांडी तशीच टाकून घरी गेली. काम असेल काही.

कळलंही नाही तिला! ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, हीच तर या कोबीची गंमत.

७ एप्रिल, बुधवार

सोमारी आज आली नाही. झिंगूकडे कोंबडं शिजलं म्हणे. मला वाटीभर रस्सा पाठवायचं सुचलं नाही कुणाला. भांडी मी घासली.

९ एप्रिल, शुक्रवार

नाल्यापलीकडची धुरपता गेली.

काल पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. बाया पुढं निघून गेल्या, ही मागे वाकून वेचत होती. ओरडलीसुद्धा नाही म्हणतात. टोपली सापडली, फुलांनी अर्धी भरलेली, सरळ ठेवलेली. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे मध घेऊन आली होती आणि मी घासाघीस केली होती.

हे झिंगूला आणि माणसांना घेऊन गेले. संध्याकाळी आले ते जेवले नाहीत. आमची बंदूक दुरुस्तीला चांद्याला गेलेली. बाबुलाल पुढच्या खेपेला आणणार.

वाघ या भागात नेहमीच आहे. माणूस मात्र त्यानं आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच धरला.

१० एप्रिल, शनिवार

नानाजी व्हरांडा झाडता झाडता मध्येच थांबला. म्हणाला, "गावात म्हणून राह्यले, बाई, पंडुमाच्या आधी आंबा तुटला."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. "कोणी तोडला?"

"ज्यानं तोडला त्याले माहीत."

"मग आता काय करायचं असतं?"

"काई नाई. पेरमाकडे जाचं, कबूल कराचं, कोंबडं द्याचं. झालं. सुटला माणूस. कोणी रागवत नाई, काई नाई."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मंग ज्याच्या घरचं चुकलं, त्याच्या घरावर येते तो." आणि पुन्हा झाडायला लागला. आंब्याकडे पाहिलंही नाही. ते न पाहणंच मला बोचलं.

दिवसभर तेच डोक्यात. खाल्ली कोणी? मी, ह्यांनी — आणि सोमारीनं. आम्ही हे मानत नाही, आम्हाला काय होणार? लागतं ते मानणाऱ्याला. आणि तिला बिचारीला तर माहीतच नाही की आपण खाल्ली आहे! ती कबूल करणार काय आणि कोंबडं देणार कशाचं? मी तिच्या तोंडात घातलं आणि वर दही म्हणाले.

छे! वाघ काय कैऱ्या मोजतो? उगाच काहीतरी.

११ एप्रिल, रविवार

ह्यांना म्हटलं, मी जाऊन सांगते पेरमाला. एक कोंबडं द्यायचं, त्यात काय जातं आपलं? तिच्या डोक्यावरचं तरी उतरेल.

ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू!"

एरवी हसले असते मी. आज नाही हसू आलं. हे हळू आवाजात समजावत बसले. रेंजरच्या बायकोमुळे बाई मेली असं गावात झालं की एक माणूस कामावर यायचा नाही. साहेबांच्या रस्त्याची डागडुजी अर्धी पडलेली. शिकलेली तू, तूच असं कबूल करायला लागलीस तर साहेबांच्या कानावर काय जाईल? "सतरा तारीख होऊन जाऊ दे. मग दहा कोंबडी दे."

मी ऐकलं. ह्यांच्यावर ढकलत नाही. नागपूर मलाही हवंय, ह्यांच्यापेक्षा जास्त.

१३ एप्रिल, मंगळवार

पेरमा आला होता.

सकाळी फाटकापाशी येऊन उकिडवा बसला. वाळकं लाकूड कसं, तसा म्हातारा. कमरेला एवढंसं फडकं, तोंडात तंबाखू. आत येत नाही, बोलत नाही. मी नानाजीला विचारायला पाठवलं, काय काम आहे?

"काई काम नाई म्हणते. बसला आहे."

"कशाला पण?"

"वाट पाह्यते."

"कोणाची?"

नानाजी झाडू उचलून मागच्या अंगणाकडे वळला. हे रस्त्याच्या कामावर गेलेले. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. दोनदा दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. काय बोलणार? आणि ह्यांना काय तोंड दाखवू? शेवटी नानाजीच्या हाती पितळी पेल्यातून चहा पाठवला, साखर जास्त घालून. त्यानं प्यायला, पेला मातीनं घासून खांबाजवळ पालथा ठेवला आणि उन्हं चढल्यावर निघून गेला.

बरं वाटलं. आणि मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

१४ एप्रिल, बुधवार

गावातल्या बाया मोह वेचायला जात नाहीत. झाडांखाली फुलांचा सडा सडतोय, आंबूस वास थेट घरापर्यंत येतो. फक्त एकटी जाते — सोमारी! आज भरली टोपली डोक्यावर घेऊन गाणं म्हणत आली. मी अंगावर ओरडलेच.

"तुला जीव नकोसा झालाय का? एकटी काय जातेस!"

"मले काई होत नाई, बाई. माह्यं साफ आहे."

साफ! हिला वाटतंय आपण काही खाल्लं नाही, आपल्याला भीती नाही. बाकीच्या भितात म्हणून वाचतात, आणि हिला मी दिलेल्या त्या एका घासानं बेफिकीर केलंय. माझ्या "दही आहे"वर विश्वास ठेवून ही बाई त्या झाडांखाली वाकते रोज.

ओठांपर्यंत आलं होतं. "सोमारी," मी म्हटलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. चांगली थांबली. मी म्हणाले, उद्या अंडी जास्त आण.

"हाव," ती म्हणाली.

१५ एप्रिल, गुरुवार

विहिरीजवळच्या चिखलात पाऊल उमटलंय. माझा तळवा त्यात मावतो. ह्यांनी मातीनं पुसून टाकलं आणि मला म्हणाले, जुनं आहे. जुनं कसं? सांडलेलं पाणी सकाळचं.

१६ एप्रिल, शुक्रवार

अंडी आली. लोणी कढवायचं नाही हे नानाजीला ओरडून ओरडून सांगितलं. पडदे धुतले. कैऱ्या आज पुन्हा तोडल्या, या खेपेला उघड्यावर, दिवसाढवळ्या. एकदा मोडलंच आहे तर आता काय! पण फाटकाबाहेरून कोणीतरी दोघीजणी बघत उभ्या होत्या. मी बघितलं तशा त्या गेल्या. पळाल्या नाहीत, सावकाश गेल्या.

१७ एप्रिल, शनिवार

झालं! पार पडलं!

भट्टीनं लाज राखली. एकही बसला नाही. साहेबांच्या बाईंनी पहिला हातात घेतला, उलटा करून पाहिला, चावला आणि डोळे मिटले. "अगदी तसेच! आणि आत हे काय? लिंबू नाही हे." मी म्हटलं, कैरी. त्या म्हणाल्या, केवढी हुशारी! मी फुलून गेले, खोटं कशाला लिहू. साहेब ह्यांना म्हणाले, तुम्हाला इथं सडवणं बरं नाही, नागपूरच्या ऑफिसात जागा होते आहे. वाघासाठी शिकारी पाठवतो असंही म्हणाले.

सोमारी बशा उचलत होती. बशीत एक उरला होता. बाई कौतुकानं म्हणाल्या, हिला द्या की. सोमारीनं मान हलवली. "मले नोको. एक डाव खाल्ला."

नागपूर! नागपूर! नागपूर!

१८ एप्रिल, रविवार

सकाळी ह्यांना म्हटलं, सतरा तारीख झाली. आता जाते पेरमाकडे.

पुन्हा तेच बोट. "शू! ऑर्डर हातात पडू दे. साहेब अजून आलापल्लीत आहेत. आठवडाभरानं काय बिघडतं?"

मी म्हटलं, सोमारी रोज जाते रानात. हे म्हणाले, तिला तू अडव, कामाला लाव. झालं! ह्यांच्या लेखी सोपं. मी दुपारी तिला म्हटलं, उद्या सकाळीच ये, डबे घासायचे आहेत. "उद्या?" ती हसली. "पाह्यतो." मला तिचं हसणं आवडलं नाही.

तिला काही झालं तर मी ते नागपूर कुठल्या तोंडानं भोगणार आहे?

१९ एप्रिल, सोमवार

सोमारी आली नाही.

पाणी नाही, भांडी नाही. नानाजीही नाही. गावाकडून आवाज नाही, धूर नाही. उन्हं डोक्यावर आली. मोहाचा वास असा दाटलाय की मळमळतं. ती गेली असणार वेचायला. नक्की गेली. आज आठवडाभर जाते ती. वाकून वेचत असेल, टोपली बाजूला सरळ ठेवून.

मला राहवेना. ह्यांच्यासमोर रडले, भांडले. म्हटलं, तुमची बदली, तुमचे साहेब, तुमचं शू! तुम्ही नाही गेलात तर मी जाते तिला शोधायला. हे आधी चिडले, मग उठले. पायात बूट चढवले. म्हणाले, "बरं बाई, आणतो तुझ्या सोमारीला. मग तर जेवशील?" बंदूक अजून आलेलीच नाही. काठी घेतली. सायकल काढली. फाटकाशी वळून म्हणाले, "तुझ्या कोबीपायी काय काय करायला लागणार आहे अजून!"

आता जरा शांत वाटतंय. हे तिला घेऊन येतील. आली की समोर बसवून सगळं सांगणार आहे. ऑर्डर गेली खड्ड्यात.

तीच तारीख, संध्याकाळ

सोमारी आली. एकटी. गावाच्या बाजूनं आली, रानाच्या नाही. केसांत फुलं, हातात पानाचा द्रोण. द्रोणात ठेचलेली कैरी, मीठ, मिरची.

"घ्या, बाई. पंडुम झाला आज. आता खा."

सगळं गाव नाल्यापलीकडे देवापाशी होतं. म्हणून आवाज नाही, धूर नाही. नानाजीही तिकडेच. आज रानात कोणीच गेलं नव्हतं. कोणीच नाही!

मी तिथंच पायरीवर बसले. सगळं सांगितलं — कैरी, दही, सगळं. ती ऐकत होती, लहान पोराचं ऐकावं तशी.

"मले मालूम आहे नं. जिभेले लागलं तवाच समजलं. तशीच पेरमाकडे गेली. दुसऱ्या दिवशी कोंबडं देल्लं. माह्यं साफ झालं."

"म्हणजे गावाला माहीत आहे?"

"साऱ्यायले."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

"पाडव्याले बोललीच नं मी. नानाजीनंबी सांगतलं. पेरमा खुद येऊन बसला फाटकापाशी, तुमी याल म्हणून. तुमी चहा पाठवला." तिनं द्रोण दुसऱ्या हातात घेतला. "तुमच्यासाठी मी देल्लं असतं, बाई. पण नाई चालत. ज्याचं त्यालेच द्या लागते."

मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. खुंटीवर टोपी नव्हती, भिंतीला सायकल नव्हती.

"साहेब कुठी गेले?"

मी सांगितलं. तिच्या हातातला द्रोण तिरपा झाला. ती झिंगूला हाका मारत गावाकडे पळाली. फाटक उघडंच आहे. मी कंदील लावून ठेवला आहे.

२१ एप्रिल, बुधवार

ह्यांची नुसती सायकल काल झिंगूनं हातानं ढकलत आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

आज मी कोंबडं घेऊन पेरमाकडे गेले. त्यानं ते घेतलं नाही. "आता काऊन, बाई?" म्हणाला.